विडी-बासमती

आमच्या भागात सालीसकट असतं ते भात आणि साल काढली की तो तांदूळ. शिजवल्यावरही भातच म्हणतात, पण तो स्वयंपाकघरातला. मी बोलतेय ते शेतातल्या भाताबद्दल. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी सौदा करत नाही.

माझ्या लग्नात आईने माझी ओटी तांदळाने भरली नाही, भाताने भरली. सगळा मांडव बघत राहिला. माझी एक चुलत सासू तिथल्या तिथे म्हणाली, "काय वं विहीणबाई, उचगावात गिरणी न्हाय व्हय? का कांडायला सुनंलाच बसवायचं?"

बायका हसल्या. मी मान खाली घालून बसले होते, पण कान तापले होते. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "तांदूळ एकदाच शिजतो. भात दरसाल उगवतं."

ते भात साधं नव्हतं. उचगावच्या आमच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली बेळगाव बासमती होती ती. उंच वाढणारी, वारा आला की लोळणारी, उतारा कमी देणारी. पण चुलीवर भांडं चढलं की तिसऱ्या घरातल्या माणसाला कळायचं आज इथे काय शिजतंय. आमच्या घरची एक रीत होती. ओटी भरलेल्या लेकीने निघताना ओटीतली एक मूठ माहेरच्या कणगीत माघारी टाकायची. माहेर रितं करून जायचं नाही. मी मूठ टाकली आणि उरलेलं भात पदरात बांधून निपाणीकडच्या गाडीत बसले.

सासर निपाणी आणि संकेश्वरच्या मध्ये, रस्त्यापासून आत. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला तंबाखू. ओढ्याच्या काठाला आमचा एक तुकडा असा पाणथळ होता की ऊस लावला तर कुजायचा आणि तंबाखू लावली तर मरायची. सासूबाईंनी तो मला दिला, म्हणजे टाकून दिला. "कर काय करायचं ते. तुझ्या आईचं भात पेर तिथं." टोमणा होता. मी तो आज्ञेसारखा घेतला आणि पेरलं.

पहिल्या वर्षी जेमतेम बियाण्यापुरतं आलं. दुसऱ्या वर्षी घरात शिजलं आणि तीच चुलत सासू वाटी घेऊन दारात उभी राहिली. मी वाटी भरून दिली आणि म्हणाले, "आमच्या उचगावात गिरणी न्हाय, पण वास हाय." मग सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. मला चाललं.

पुढचं सगळं मी माझ्या पायांनी आणि तोंडाने उभं केलं. आमचे हे साखर कारखान्यात हंगामी; गाळप संपलं की घरी. मी डोक्यावर पोतं घेऊन संकेश्वरचा बाजार करायची, मग एसटीने बेळगाव. शहापूर आणि वडगावच्या विणकरांच्या गल्ल्या माझं पहिलं गिऱ्हाईक. तिथे घरोघरी माग चालू. त्या खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही. विणणाऱ्या बायका मागावरून उठायच्या नाहीत, बोटांनी भाव सांगायच्या. मी ओरडून घासाघीस करायची. लोक म्हणतात माझा आवाज मोठा आहे. तो मागाने घडवलेला आवाज आहे. असं करत करत निपाणीत एक पत्र्याचं दुकान झालं, मग पक्कं झालं. ओढ्याकाठच्या चार शेजाऱ्यांना मी बी दिलं आणि त्यांचंही भात मीच घ्यायला लागले. शेवटी स्वतःच्या पिशव्या छापून घेतल्या. त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बेळगाव बासमती.

त्या दोन शब्दांवरूनच सगळं सुरू झालं.

पिशव्या घेऊन मी बेळगावच्या पेठेत एका मोठ्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्या दुकानावर पाटी होती, 'अस्सल उचगाव बासमती'. म्हटलं, हा माणूस माल ओळखेल. त्याने माझ्या पिशवीतून मूठभर तांदूळ घेतला, दोन्ही तळव्यांत चोळला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि नाकाशी नेला. आमच्याकडे वास असाच बघतात. मग विचारलं, "कुठलं गाव आक्का?"

"निपाणीकडचं."

तो मागे वळून हमालांना म्हणाला, "ऐकलासा काय रं? तंबाकूच्या मातीत बासमती! आक्का, ही तर विडी-बासमती. पोत्यात कशाला भरलीस? पंचवीस-पंचवीसचं बंडल बांध आन् ईक."

हमाल खोखो हसले. त्याने हातातला तांदूळ रस्त्यावर फेकला. कबुतरं आली आणि टिपायला लागली. त्या अख्ख्या पेठेत माझ्या बाजूची तेवढीच होती. मग त्याने आपल्या पोत्यातला तांदूळ माझ्या तळव्यावर ठेवला. "ह्याला म्हंत्यात उचगावचं. हुंग."

मी हुंगला. वास होता. माझ्या तांदळापेक्षा जास्त होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शिव्या हवेत गेल्या आणि त्याचा शब्द राहिला. पेठेत माझ्या मालाला सगळे विडी-बासमती म्हणायला लागले. दोन दुकानदारांनी घेतलेल्या पिशव्या परत केल्या. व्यापाऱ्यांचा निरोप आला: पिशवीवरचं नाव काढ, नुसतं 'तांदूळ' लिही, नाहीतर नकली माल म्हणून तक्रार करू. मला आईने ओटीत घातलेलं बी, आणि हे सांगतात नाव काढ. मी नाव काढलं नाही. पण रात्रंदिवस एक गोष्ट मला खात होती. माझं भात खरं आहे हे मी एकटी जाणत होते आणि ते दाखवायला माझ्याजवळ माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं.

त्याच्या काही वर्षं आधीपासून दुसराही एक राग मनात बसला होता. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी माहेरी गेले. भावजयीने माझी ओटी भरली ती तांदळाने; पिशवीतल्या, पॉलिश केलेल्या, दुकानातल्या तांदळाने. रीत म्हणून मी एक मूठ घेऊन कणगीकडे वळले, तर कणगी जागेवर नव्हती. तिथे प्लास्टिकचा निळा पिंप होता आणि त्यात गोधड्या. मी मूठ तशीच पिशवीत टाकली, चहा न घेता निघाले आणि नंतर माहेरी गेले नाही. भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याने दोनदा फोन केला. मी उचलला नाही. रागाच्या भरात कणगी कुठे गेली हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारलं असतं तर बरंच आधी कळलं असतं.

मग बेळगावात एक शेतकी मेळावा भरला. एका मांडवात जुन्या वाणांच्या काचेच्या बरण्या मांडल्या होत्या आणि मागे एक तरुण मॅडम बसल्या होत्या. धारवाडकडच्या असाव्यात, कन्नड बोलत, मधून मधून तोडकं मराठी. एका बरणीवर लिहिलं होतं: बेळगाव बासमती, उचगाव शिवार. मी झाकण काढलं, एक दाणा दातांत धरला आणि चावला.

"अक्का, तिन्नबेड्री!" मॅडम किंचाळल्या. खाऊ नका! "ते जपलेलं बी आहे. माझ्या जन्माआधीपासून आमच्या संशोधन केंद्रात ठेवलंय."

मी म्हणाले, "माझ्याकडंबी हाय. माझ्या लग्नापास्नं हाय. तुमचं खरं का माझं?"

मॅडम हसल्या नाहीत. ही बाई मला तिथेच आवडली. त्या म्हणाल्या, दाणा चावून, हुंगून, बघून ठरत नाही. मग समजावून सांगितलं. प्रत्येक रोपाच्या अंगातल्या कणाकणात एक लांबच लांब लिखाण असतं, त्याला डीएनए म्हणतात. भाताभातात ते बहुतेक सारखंच असतं, पण काही ठरावीक जागी एका वाणात ते लांब असतं, दुसऱ्यात आखूड. त्या जागा म्हणजे खुणा, मार्कर. नेमका तेवढाच तुकडा काढायचा, यंत्रात त्याच्या लाखो नकला करायच्या आणि जेलीसारख्या पातळ वडीवर पळवायचा. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे राहतो. दिव्याखाली धरलं की पट्टे दिसतात. पट्टे जुळले तर वाण एक.

"माझं तपासा," मी म्हणाले.

"अक्का, आम्ही खासगी कुणासाठी करत नाही."

मी तिथेच मांडवात बसकण मारली. "तुमच्या बरणीत किती भात हाय? मूठभर. माझ्याकडं शेतभर हाय, आन् तेबी दरसाल पिकवलेलं. तुमाला अभ्यासाला लागंल का न्हाय?" त्यांचे डोळे लकाकले. डोळे लकाकले की भाव वर न्यायचा, हा माझा धर्म. त्या म्हणाल्या, पाच रोपं तपासू. मी म्हणाले, दहा. त्या म्हणाल्या, तुमचं आणि बरणीतलं. मी म्हणाले, आणि तिसरं, मी आणीन ते. तासाभराने त्या डोकं धरून म्हणाल्या, "आयतु अक्का, आयतु." झालं, झालं.

तिसरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी मी पेठेत त्याच्या दुकानापुढे उभी राहिले. हमाल, गिऱ्हाईकं, शेजारचे दुकानदार, सगळे होते. मी म्हणाले, "शेट, सौदा करायचा हाय. तुमचं भात आन् माझं भात, दोन्ही सरकारी प्रयोगशाळंत जाणार. मी हरले तर पिशवीवरचं नाव फाडीन आन् ह्याच दगडावर उभी राहून म्हणीन, माझी विडी-बासमती. तुमी हरला तर ह्याच दगडावर उभं राहून म्हणायचं, आक्काची खरी, माझी खोटी."

तो मिशीत हसला. "कबूल. तांदूळ कशाला, भातच ने. ए, त्या कोपऱ्यातलं पोतं आण." हमालाने पोतं आणलं. "उचगावचं हाय. कुणी घातलंय ठावं हाय का? तुझ्याच भावानं. माझ्याकडंच घालतोय तो माल. जा आता, भावाला खोटा पाड."

माझा भाऊ पेठेत कुणाला तरी माल देतो एवढं मला माहीत होतं. याला देतो हे माहीत नव्हतं. म्हणजे मी जिंकायचं तर माझा भाऊ नकली माल विकतो असं चारचौघांत ठरणार. भावाचं भात खरं निघालं तर माझं नाव जाणार. आणि मला हेही समजत होतं की दोन्ही भातं एकाच कणगीतून निघालेली असली तर ती सारखीच निघायला हवीत. मग वास वेगळा का?

मी पोत्यातून दोन शेर भात पिशवीत भरून घेतलं. त्याच्या समोर पिशवीचं तोंड शिवलं आणि त्याचीच सही गाठीवरच्या चिठ्ठीवर घेतली.

घरी ह्यांना सांगितलं. हे फार बोलत नाहीत. म्हणाले, "सोडून दे की."

"सोडायला काय गाय हाय?" मी म्हणाले आणि सकाळच्या गाडीने केंद्रात गेले.

तिन्ही भातं वेगवेगळ्या तबकांत पेरली. पंधरवड्याने रोपं बोटभर झाली तेव्हा मॅडमनी मला पुन्हा बोलावलं. खरं म्हणजे मी रोज फोन करत होते म्हणून बोलावलं. कोवळ्या पानाचे तुकडे त्यांनी धूर निघणाऱ्या थंडगार पाण्यासारख्या कशात तरी बुडवून खलात कुटले. नखाएवढ्या नळ्या, त्यांत थेंब थेंब. मी डबा नेला होता. पट्टे पळेपर्यंत आम्ही दोघींनी व्हरांड्यात भाकरी आणि खर्डा खाल्ला. मॅडमना खर्डा सोसला नाही, पण त्यांनी संपवला.

दिव्याखाली पहिली वडी आली. मी वाकून बघितलं. बरणीतलं, माझं आणि पेठेतलं, तिन्ही ओळींत पट्टा एका रेषेत. तसूभर फरक नाही.

"म्हंजी सगळी एकच?"

"ही वासाची खूण आहे अक्का," मॅडम म्हणाल्या. "वासाच्या जागी लिखाणातला एक छोटा तुकडा गळलेला असतो. तो गळला की वास येतो. बहुतेक सगळ्या वासाच्या भातांत तोच गळलेला असतो. तिन्ही वासाची आहेत, एवढंच यातून कळलं."

मला एकदम शहापूरची गल्ली आठवली. तिथल्या एका म्हाताऱ्या विणकरणीने मला एकदा दोन साड्या दाखवल्या होत्या, दोन्ही गडद डाळिंबी, एकीचं सूत दुसरीत मिसळलं तर ओळखू येणार नाही अशा. मी म्हटलं होतं, एकाच मागाच्या दिसतात. तिने काठ उलगडून दाखवले होते. एकावर रुईफूल, दुसऱ्यावर नुसत्या रेघा. रंग कुणीबी देतंय गं, काठ ज्याचा त्याचा असतोय, असं ती म्हणाली होती.

मी मॅडमना म्हणाले, "हा रंग झाला. रंग एकच असंल. काठ बघा की."

मॅडम मोठ्याने हसल्या. "अदे अक्का! तेच! आता काठच बघायचाय. दुसऱ्या खुणा लावल्यात, उद्या दिसतील."

त्या रात्री मी केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले आणि कधी नव्हे ती गप्प बसले. दुसऱ्या दिवशी एकामागून एक वड्या दिव्याखाली आल्या. बरणीतलं जिथे, माझं तिथे. पुढची खूण: बरणीतलं जिथे, माझं तिथे. पेठेतलं प्रत्येक ठिकाणी थोडं पुढे नाहीतर थोडं मागे. मॅडमनी माझ्या नकळत एक चौथी ओळही घातली होती, इंद्रायणीची. पेठेतल्या भाताचे पट्टे त्या चौथ्या ओळीशी जुळत होते, खुणेमागून खूण, एकही न चुकता.

इंद्रायणी चांगला तांदूळ आहे. त्यालाही वास आहे, उतारा जास्त आहे, वाऱ्याने लोळत नाही. पण ती इंद्रायणी आहे. ज्याचं नाव त्याला द्यावं.

मी मॅडमना मिठी मारली. त्यांनी मला बाजूला केलं आणि बोट दाखवलं. माझ्या दहा रोपांपैकी एकाचे पट्टे निराळे होते. इंद्रायणीचे.

"ते सोडा," मी म्हणाले.

"सोडता येत नाही अक्का."

"दहात एक हाय. नऊ बघा."

"दहाही लिहिणार."

आयुष्यात पहिल्यांदा माझी घासाघीस फुकट गेली. मॅडमनी विचारलं, मळणी कशाने करता? भाड्याच्या यंत्राने. आधी ते कुणाच्या शेतात असतं? शेजारच्या गावात, त्यांची इंद्रायणीच. यंत्राच्या पोटात राहिलेले दाणे माझ्या खळ्यात पडले होते आणि मला पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी यंत्रवाल्याला फोनवर मी जे बोलले त्यानंतर तो आमच्या गावच्या रस्त्याने यायचा बंद झाला. तेव्हापासून बियाण्याचं भात मी दगडावर हाताने झोडपून काढते. निघताना मॅडमनी आणखी एक सांगितलं: वाण तोच असला तरी माती, पाणी, दाणा भरतानाची थंडी यांनी वास कमीजास्त होतो. उचगावच्या मातीत तो जास्त उतरेल, मग भात इंद्रायणी का असेना. म्हणजे त्या दिवशी माझ्या नाकाने मला फसवलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मी पेठेत गेले. अहवाल होता, वड्यांचे मोठे फोटो होते. व्यापाऱ्याने फोटो उलटासुलटा धरून बघितला. "हे काय, झेब्र्याचा फोटू?"

हमाल हसले. मी पिशवीतून दोन डाळिंबी साड्या काढल्या, म्हाताऱ्या विणकरणीकडून उसन्या आणलेल्या, आणि त्याच्या गादीवर पसरल्या. "रंग बघा शेट. एकच?"

"एकच."

"काठ?"

मागून एक हमाल, वडगावचा, घरी अजून माग असलेला, म्हणाला, "काठ येगळा हाय शेट. दोन घरच्या साड्या हायत."

"आता फोटूत बघा. हे केंद्रातलं जुनं. हे माझं. काठ एक. हे तुमचं आन् ही इंद्रायणी. काठ एक. माझ्या दहांत एक दाणा मिसळलेला निघाला, तोबी ह्यात लिवलाय. वाचा. मी लपवत न्हाय. तुमच्या दहांत खरा एकबी निघाला न्हाय."

तो एक दाणा मी सोडा म्हणत होते, त्यानेच मला जिंकवलं. लोकांनी कागद हातोहात फिरवला आणि त्या ओळीपाशी सगळे थांबत होते. जी बाई आपलंच उणं दाखवते ती दुसऱ्याचं खोटं कशाला सांगेल?

व्यापारी अजून सुटायला बघत होता. "पन माती उचगावचीच हाय की. उचगावच्या मातीत पिकलं की ते बेळगाव बासमतीच."

"मग उचगावच्या बांधावर चरणारी म्हसबी बासमतीच म्हणा," मी म्हणाले. "तिच्या दुधाला वास बघा येतोय का."

त्यानंतर त्याला दगडावर चढावंच लागलं. तो पुटपुटला, "आक्काची खरी."

"एवढ्यात बसत न्हाय शेट. वर या."

"आक्काची खरी, माझी खोटी."

"कबुतरांना ऐकू गेलं. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाला न्हाय गेलं. आनखी वर या."

तिसऱ्या वेळेला तो ओरडला. मागाच्या खडखडाटातही ऐकू गेलं असतं. मी साड्यांच्या घड्या घातल्या, त्याला नमस्कार केला आणि चहा पाजला. माझ्या पैशाने. त्याची पाटी त्या आठवड्यात उतरली. माझ्या पिशवीवर बेळगाव बासमती तशीच राहिली आणि खाली मी बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली: पेठेतली विडी-बासमती ती हीच. आता गिऱ्हाईकं तेच नाव घेऊन मागतात.

आठ दिवसांनी दारात दुचाकी थांबली. भाऊ आणि मागे भावजय. मी उठले नाही. पाणी मात्र ह्यांनी दिलं.

भाऊ खाली बसला. "आक्का, मी फशिवलं न्हाय कुणाला. आईचं भात दर वाऱ्याला लोळायचं. आई गेल्यावर एजंटानं इंद्रायणीचं बी दिलं, ते पेरलं. माती तीच, खाचर तेच. मला वाटलं, आपल्या मातीत आलं म्हंजी आपलंच. समदा गाव तसंच म्हणतोय."

"आन् कणगी?"

"उंदरांनी कुरतडली. त्यातलं शेवटचं भात... गिरणीत घातलं, आक्का. खाल्लं."

आईच्या हातचं बी उचगावात संपलं होतं आणि निपाणीच्या तंबाखूत, माझ्या ओढ्याकाठी तेवढं उरलं होतं. भाऊ म्हणाला, "बी दे. काय घेशील ते सांग."

"ओटी."

"ती तर भरतोच की गं."

"तांदळानं न्हाय. भातानं. दरसाल. आन् कणगी बांधायची, पिंप न्हाय."

तेव्हा भावजय बोलली. "वन्सं, आमच्या माहेरी तांदळानंच भरत्यात. आत्यांनी, तुमच्या आईनं, मला कधी सांगितलंच न्हाय. तुमी त्या दिवशी चा न घेता का गेलासा, मला अजून ठावं न्हाय."

इतकी वर्षं मी तो राग ओल लागू न देता जपला होता. आता तो ठेवायला जागाच उरली नाही. मी आत गेले आणि चहा ठेवला. साखर जरा जास्तच पडली.

त्या वर्षी हाताने झोडपलेलं, दाणा दाणा निवडलेलं बी उचगावला गेलं. सुगी झाल्यावर मी माहेरी गेले. परसात नवी कणगी, शेणाने सारवलेली. भावजयीने माझी ओटी भाताने भरली आणि मी एक मूठ कणगीत माघारी टाकली. पडल्याचा आवाज झाला, तसा आवाज तांदळाचा होत नाही.

मग पानं वाढली. झाकण निघालं आणि ओसरीवर बसलेल्या मला पहिला वास आला. आईच्या चुलीचा. माझ्या शेतातल्या भाताला असा वास कधी आला नव्हता आणि येणारही नाही. बी माझं होतं, माती त्याची.

भाऊ पुढे वाकून विचारत होता, "कसा हाय वास, आक्का?"

"ठीक हाय," मी म्हणाले. पुढच्या वर्षीचं भात मलाच त्याच्याकडून घ्यायचं होतं, आणि घेणाऱ्याने मालाची तारीफ करायची नसते.